बिबीजान मकदूम सही करत नाही

मोडनिंबच्या प्रयोगाला तिसरी घंटा झाली होती आणि माझ्या कमरेला पट्टा नव्हता. मी राणी होते. दरबारात जाऊन सेनापतीला हद्दपार करायचं होतं, आणि इकडे बिबीजान मकदूम कपड्यांच्या दोन पेट्यांच्या मध्ये पाय रोवून उभी.

"जुना कुठाय?"

जुना पट्टा मी अकलूजच्या मुक्कामात विसरून आले होते. थाप मारली, "तुटला गं, टाकून दिला."

"तुटलेला आण. मग नवा देते."

बाहेर पेटीवाला तेच सूर तिसऱ्यांदा वाजवत होता. मालक विंगेतून हात जोडत होते. मी आधी राणीच्या आवाजात हुकूम केला, मग भिकारणीच्या आवाजात विनवणी केली. बिबीजान ढिम्म. शेवटी मी पट्ट्याशिवाय गेले आणि पोटावर दोन्ही हात धरून अख्खा दरबार केला. प्रयोगानंतर चार बायका मुद्दाम आत येऊन माझ्या हातात चिंच-गूळ ठेवून गेल्या. त्यांना वाटलं, राणीला दिवस गेलेत.

बिबीजान आमच्या नाटकमंडळीच्या कपडेपटावर सत्तावीस वर्षं होती. शेले, जिरेटोप, खोट्या मोत्यांच्या माळा, लाकडी तलवारी, सगळं तिच्या ताब्यात. तिचा नियम एकच. वस्तू खराब झाली म्हणता? दाखवा. फाटकी असो, जळकी असो, आधी तिच्या हातात आली पाहिजे. मगच नवी. या नियमावरून आमच्यातल्या प्रत्येकानं तिला कधी ना कधी शिव्या घातल्या आहेत. मीही घातल्या आहेत, आणि चांगल्या खणखणीत घातल्या आहेत. पण सत्तावीस वर्षांत आमच्या पेट्यांतली एक टाचणी कुठं गेली नाही. माझा पट्टासुद्धा अकलूजहून परत आला.

मंडळी बंद पडून आता बराच काळ झाला. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, ती एकाहत्तर. बेगम पेठेत दोन खोल्यांत राहते. मुलगा मुनाफ चादरीच्या कारखान्यात होता. कारखाना बंद झाला, तेव्हा बिबीजाननं हातातल्या बांगड्या मोडल्या आणि एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. व्हॅन चालवते तिची सून झीनत. अकरा मुलींना शाळेत नेते आणि घरी आणते. मुनाफ घर सांभाळतो, लोकांच्या चादरींना गोट मारतो आणि भाकरी बायकोपेक्षा चांगल्या करतो. सगळं घर त्या व्हॅनच्या चाकांवर उभं आहे.

जूनमधल्या एका शुक्रवारी मला बिबीजानचा फोन आला.

"अक्का, उद्या चांगली साडी नेस. भांडायला जायचंय."

"कुणाशी गं?"

"मोठ्या माणसाशी. म्हणून तर चांगली म्हटलं."

झालं होतं असं. मे महिन्यात व्हॅनचा क्लच गेला. मला गाडीतलं काही कळत नाही, पण झीनतनं सांगितलं ते असं, की गिअर बदलताना पायानं जो दाबतात त्याच्या आत एक तबकडी असते. तिला प्लेट म्हणतात. ती झिजली की गाडी चढावर धापा टाकते आणि झटके देते. एरवी त्यांची गाडी सात रस्त्याजवळचा सिद्धाराम मिस्त्री बघायचा. त्याच्याकडं बिबीजान डबा उलटा टाकून समोर बसायची आणि तो निघालेला प्रत्येक नटबोल्ट तिच्या पुढ्यात मांडायचा. दोघांचं चांगलं जमायचं, कारण दोघंही फार बोलत नाहीत. पण सिद्धारामच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. म्हणून व्हॅन होटगी रस्त्यावरच्या एका मोठ्या गॅरेजात दिली. नाव लिहीत नाही. थंडगार हॉल, कॉफीचं यंत्र, आणि काम चालतं तिथं आणि आपल्यामध्ये एक काचेची भिंत. दारावर पाटी, 'ग्राहकांना आत प्रवेश नाही.'

गाडी देताना काउंटरवरच्या मुलीनं झीनतसमोर एक काचेची पाटी धरली आणि बोटानं सही करायला सांगितली.

"वरती काय लिवलंय?" बिबीजाननं विचारलं.

"अटी आहेत, आजी. सगळेच करतात."

"सगळे वाचून करतात?"

तोवर झीनतनं बोट फिरवलं होतं. बिबीजान मात्र हलली नाही. मला कागद पाहिजे म्हणाली. चाळीस मिनिटांनी यंत्रातून कागद आला. तेवढ्यानंही ती खूश नव्हती. त्यावर पेनानं एक ओळ लिहून घेतली, 'क्लच प्लेट बदलणे. जुनी प्लेट ग्राहकास परत देणे.' खाली शिक्का मारून घेतला. मगच उठली.

शुक्रवारी निरोप आला, गाडी तयार आहे. झीनतनं फोनवरूनच पैसे भरून टाकले आणि गाडी आणायला गेली. गॅरेजच्या आवारात दोन फेऱ्या मारल्या, तर झटके तसेच. जुनी प्लेट मागितली, तर म्हणाले भंगारात गेली. वर तिच्यापुढं एक छापील कागद ठेवला. यावर आजींची सही लागेल, गाडी त्यांच्या नावावर आहे. सही झाली की गेटपास. झीनत रिकाम्या हातानं परत आली. सोमवारी शाळा उघडणार होती. पहिल्याच दिवशी गाडी आली नाही तर मुलींचे आईबाप दुसरी रिक्षा ठरवणार, आणि एकदा गेलेली पोरगी वर्षभर परत येत नाही.

झीनत हुशार आहे. तिनं ग्राहकांच्या सरकारी मदतीच्या फोनवर, एकोणीसशे पंधरा नंबरवर, सगळं विचारून घेतलं होतं.

शनिवारी सकाळी आम्ही तिघी निघालो. मी जांभळी इरकल नेसले होते. बिबीजाननं साडीवरून पांढरी ओढणी घेतली होती आणि चष्म्याच्या तुटक्या काडीला दोरा बांधला होता.

मॅनेजर जोतिराम नावाचे होते. पस्तिशीचे, कडक इस्त्रीचे, गोड बोलणारे. आम्हाला खुर्च्या दिल्या, कॉफी मागवली.

"आजी, कशाला त्रास घेतला? एक सही करायची फक्त."

"जुनी प्लेट?"

"ती स्क्रॅपला जाते. कंपनीचा नियमच आहे तसा."

"दाखवा की नियम. कुठं लिवलाय?"

"लिहिलेला नसतो आजी, असतो."

"आणि हा लिवलेला आहे," असं म्हणून बिबीजाननं तो शिक्क्याचा कागद काढला. जोतिरामांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि आत गेले. दहा मिनिटांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक तेलकट तबकडी घेऊन आले. "घ्या. शोधून काढली तुमच्यासाठी."

बिबीजाननं ती उलटीपालटी केली. तारेनं एक चिठ्ठी बांधलेली होती, त्यावर गाडीचा नंबर. तिनं चष्मा नाकावर खाली घेतला.

"ही आमची?"

"हो ना."

"मग तिला दुसऱ्याच्या गाडीचं नाव कसं? लग्न लावलं का परत?"

मागच्या खुर्चीवरून कोणीतरी फुसकन हसलं. ते उजनीकाठच्या एका गावाचे ज्ञानबा, केळीच्या पिकअपची दुरुस्ती करून घ्यायला आले होते. जोतिरामांचे कान लाल झाले. त्यांनी तबकडी काउंटरखाली सरकवली आणि छापील कागद पुढं केला. बिबीजाननं तो माझ्याकडं दिला. मी उभी राहिले. दात गेले आहेत, पण आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

"एक. काम समाधानकारक झाले. दोन. बदललेले जुने भाग मिळाले. तीन. यापुढे माझी कोणतीही तक्रार राहणार नाही."

कॉफीच्या यंत्राजवळची माणसं वळून बघू लागली.

"मावशी, हळू वाचा ना," जोतिराम म्हणाले.

"वाचायचं तर ऐकू जाईल असंच वाचावं," मी म्हणाले.

तो कागद मी इतक्या मोठ्यानं का वाचला, हे सांगायला हवं. बिबीजानचा नवरा दस्तगीर आमच्या मंडळीचा शिंपी होता. त्याला फक्त उर्दू लिहिता-वाचता यायचं. एकदा जरीचा एक शेला सापडेना. अक्कलकोटच्या मुक्कामात मालकांनी दस्तगीरपुढं एक मराठी कागद ठेवला आणि हजेरीचा आहे म्हणून सांगितलं. त्यानं सही केली. ती चोरीची कबुली होती. त्याला त्याच दिवशी काढलं. पुढं दोन वर्षांनी शेला एका पेटीच्या अस्तरात सापडला, मालक शरमले आणि त्याला परत बोलावणं धाडलं. तो आला नाही. त्यानं नाटकाचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. घरात गोधड्या शिवत बसला आणि तसाच गेला. त्या बोलावण्यावर आली ती बिबीजान. तिनं मालकांना सांगितलं, नवऱ्याच्या जागेवर मी काम करीन, पण कुठल्याही मराठी कागदावर आधी मला जे खरं वाटतं ते उर्दूत लिहीन आणि मग त्याखाली सही करीन. तेव्हापासून बँक असो, रेशन असो, शाळेचा दाखला असो, ती तसंच करते. कारकून वैतागतात. ती त्यांना वैतागू देते.

अक्कलकोटला तो कागद ठेवला गेला तेव्हा मी शेजारच्या खोलीत तोंडाला रंग लावत होते. मला मराठी वाचता येत होतं. मला कुणी बोलावलं नाही, आणि मी उठून गेले नाही.

"मी सही करत नाही," बिबीजान म्हणाली. "यातलं एक पण खरं नाही."

"मग गेटपास निघत नाही. कॉम्प्युटर पुढं सरकत नाही."

"कॉम्प्युटरला सांगा, बिबीजान पण सरकत नाही."

जोतिरामांचा गोडवा उतरू लागला. "अवो आजी, किती ताणता! करा तक्रार. वर्षं जातील. आणि ही धंद्याची गाडी आहे. तुम्ही ग्राहक म्हणून मोजल्याच जात नाही."

झीनत खुर्चीवरून उठली. ती म्हणाली, "साहेब, मी विचारलंय. स्वतः गाडी चालवून पोट भरणारा माणूस ग्राहकच असतो. गाडी मीच चालवते. आणि हरकत लिहून गाडी नेता येते, त्याची प्रत तुम्ही द्यायची असते."

"मग लिहा हरकत! लिहा आणि जा बाबा एकदाचं."

बिबीजाननं हात पुढं केला. "पेन."

ती लिहायला बसली. मी तिला असं लिहिताना शेकडो वेळा पाहिलंय, पण इतका वेळ लावलेला पाहिला नव्हता. उजवीकडून डावीकडं, एकेक अक्षर टाका घातल्यासारखं. छापील तीन ओळींवर तिनं एकेक रेघ मारली आणि रिकाम्या जागेत सहा ओळी लिहिल्या. खाली सही, तारीख आणि वेळ. अकरा वाजले होते. हॉलमधली सगळी माणसं मान लांब करून बघत होती.

जोतिरामांनी कागद घेतला. "हे काय आहे?"

"हरकत. तुम्हीच म्हणलात की, लिहा."

"मला कसं कळणार? मराठीत लिहा."

"मला नाही येत. मला तुमचा नाही वाचता येत, तुम्हाला माझा नाही. आता बरोबरी झाली. कुणाकडून वाचून घ्या की."

त्यांनी काचेच्या दारातून हाक मारली. अझरुद्दीन नावाचा मेकॅनिक बाहेर आला. तिशीचा, कोपरापर्यंत काळं तेल. गाडी देताना मिळालेल्या कागदावर काम करणारा म्हणून त्याचंच नाव होतं. त्यानं कागद पाहिला, बिबीजानकडं पाहिलं, आणि मनातल्या मनात वाचू लागला.

"मोठ्यानं वाच," जोतिराम म्हणाले. "मला कळू दे."

अझरुद्दीन वाचू लागला. तोंडानं मराठी करत, थांबत थांबत.

"मी बिबीजान मकदूम. माझ्या गाडीची जुनी प्लेट मला दिली नाही. जी दाखवली ती दुसऱ्या गाडीची आहे. गाडी अजून झटके देते. आतलं दार बंद होतं, काय केलं ते मला दाखवलं नाही. हे सगळं मला नामंजूर आहे, फक्त मुलींची शाळा आहे म्हणून गाडी नेते." तो थांबला.

"पुढं?"

"पुढं..." त्यानं घसा साफ केला. "ज्या कारागिरानं काम केलं त्याच्यावर माझा आरोप नाही. त्याला मला भेटू दिलं नाही, मग त्याची बाजू मला कशी कळणार?"

अझरुद्दीननं ती शेवटची ओळ पुन्हा वाचली, या वेळी फक्त ओठ हलवून. मग कागद काउंटरवर ठेवला. कडा तेलानं काळ्या होणार नाहीत अशा बेतानं ठेवला. जोतिरामांकडं न बघता तो म्हणाला, "साहेब, व्हॅन रॅम्पवर घेऊ का? खोलून बघतो."

जोतिराम काही बोलायच्या आत मागून ज्ञानबा उठले. "आन् मॅनेजरसायेब, माझ्या पिकअपचं बी जुनं सामान काढून ठेवा की. मी बी बघतो म्हंतो. त्याला बी कुणाचं नाव हाय का ते."

"माझ्यापण स्कॉर्पिओचं," कोपऱ्यातला एक जण म्हणाला.

"आन् त्ये दार उगडा की. आमी काय चोर हाय काय, काचंतनं बगायला?" पुन्हा ज्ञानबा.

मी पन्नास वर्षं टाळ्या घेतल्या. पण प्रेक्षक खुर्च्यांवरून उठून रंगमंचाकडं चालू लागतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. जोतिरामांनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि अझरुद्दीनला हाताच्या पंजानं खूण केली. घे.

"मी आत बसणार," बिबीजान म्हणाली.

"आजी, आत धोका असतो, विमा नसतो..."

"इतकी वर्षं तलवारींमध्ये काढलीत मी. उघडा."

दार उघडलं. कुणीतरी ऑइलचा रिकामा डबा उलटा घालून दिला, आणि ती सिद्धारामसमोर बसायची तशी बसली. व्हॅन वर गेली. अझरुद्दीननं खालून एकेक भाग उतरवला आणि तिच्या पुढ्यात कापडावर मांडला. तासाभरानं प्लेट बाहेर आली. घासून घासून नाण्यासारखी गुळगुळीत झालेली, जुनीच. कुणी ती बदललीच नव्हती. त्यानं ती पुसली आणि दोन्ही हातांनी तिला दिली.

"खाला, पार्ट आला नव्हता," तो हळूच म्हणाला. "मला गाडी बंद करून बाजूला लावायला सांगितली. मी लावली."

"बोलायचं होतं ना रे."

"बोलायचं होतं," तो म्हणाला.

बिबीजाननं प्लेट मांडीवर ठेवली. "जा, हात धू. जेवला का?"

नवी प्लेट बाजारातून यायला दुपार झाली. आम्ही मुनाफनं दिलेल्या भाकरी आणि शेंगाचटणी तिथंच डब्याभोवती खाल्ली. अझरुद्दीनलाही जबरदस्तीनं दोन भाकरी दिल्या. ज्ञानबांच्या पिकअपचं जुनं सामान सापडलं. त्यांनी ते पोत्यात भरून मिरवत नेलं. सहाच्या सुमाराला झीनतनं गाडी बाहेर काढली, जवळच्या आसरा पुलाच्या चढावर नेऊन परत आणली आणि आमच्याकडं बघून नुसती मान हलवली. झटका नाही.

जोतिरामांनी नवीन कागद छापून आणला. 'कोणतीही तक्रार राहणार नाही' ही ओळ या वेळी त्यांनी आपण होऊन खोडली होती. बिबीजाननं वर लिहिलं, प्लेट माझ्यासमोर बदलली, जुनी माझ्या हातात मिळाली. खाली सही. सहा वाजून दहा मिनिटं.

"आता झालं ना, आजी?" जोतिरामांचा आवाज खरोखर थकलेला होता. मला त्यांची दयाच आली. वरून कुणीतरी त्यांनाही आकडे मागत असणार. "मग सकाळचा तो कागद द्या. फाडून टाकू. पुढची सर्व्हिसिंग आमच्याकडून फुकट."

"नको."

"आता काम झालंय की! मग तो खोटा ठरतो."

"खोटा कसा? अकरा वाजता तो खरा होता. सहा वाजता हा खरा आहे. यातला कुठला फाडायचा ते तुम्ही सांगा."

दोन्ही कागदांच्या प्रती निघाल्या, दोन्हींवर शिक्का मारला गेला.

"आजी," गेटपास देताना ते म्हणाले, "तो कागद पुण्याच्या मुख्य ऑफिसात गेला तर माझी बदली होईल."

"त्यात तुमचं नाव नाही लिवलं मी," बिबीजान म्हणाली. "दार बंद होतं, असं लिवलंय. दार उघडं ठेवा, मी तेही लिहीन."

सोमवारी अकराच्या अकरा मुली पहिल्या घंटेआधी शाळेत पोचल्या. दुपारी आम्ही दोघी पोस्टात गेलो. सकाळचा कागद, संध्याकाळचा कागद आणि माझ्या अक्षरातलं मराठी पत्र, सगळं स्पीड पोस्टानं पुण्याला गेलं. पत्रात मागणी एकच आहे. ज्याची गाडी त्याला काम बघू द्या आणि जुनं सामान त्याच्या हातात द्या. पोचल्याचं कळलंय, उत्तर अजून आलेलं नाही. महिना झाला. आता ग्राहक आयोगाचा अर्ज लिहायला घेतलाय. मी मराठीत लिहिते आणि तिला वाचून दाखवते. ती डोळे मिटून ऐकते आणि म्हणते, "परत वाच." तिसऱ्यांदा वाचल्यावर पेन मागते, माझ्या सुबक ओळींच्या वर आपलं उर्दू लिहायला लागते. काय लिहितेयस म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "बस तिथं. झाल्यावर अझरुद्दीनकडून वाचून घे."